मुनीरचाचा आणि माझा लिलाव

मुनीरचाचा रोज सकाळी माझा भाव विचारायचे. मी दूध आणायला खाली उतरले की इमारतीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले चाचा खांद्यावरचा चौकडीचा रुमाल सारखा करत, समोरच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “काय बेटा, फुटला का भाव?” मी नकारार्थी मान हलवायची. मग ते स्वतःचीच समजूत घालायचे, “फुटंल, फुटंल. माल चांगला हे.” दुसऱ्या मजल्यावरच्या क्षीरसागर काकूंकडे आलेल्या एका पाहुण्यांनी हे ऐकलं आणि वर गेल्यावर काकूंना हळूच विचारलं, की तुमच्या इमारतीत हुंड्याची बोलणी अशी रस्त्यावर होतात का. काकूंनी ते सगळ्यांना सांगितलं. चाचांनाही सांगितलं. चाचा खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी आवाज आणखी चढवून विचारू लागले.

हा भाव म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांकडून यायचं उत्तर. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि मुंग्यांवर पीएचडी करायची म्हणून चार ठिकाणी अर्ज करून बसले होते. अर्ज करणं सोपं असतं, नंतरचं बसणं अवघड. शिवाय नुसता प्रवेश मिळून भागणार नव्हतं. फी माफ आणि वर राहण्या-जेवण्यापुरता पगार, एवढं त्यांनी दिलं तरच मला जाता येणार होतं. बाबा नुकतेच प्रेसमधून निवृत्त झाले होते. जन्मभर देशाच्या नोटा छापणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या नोटा बेताच्याच असतात, हे नाशिक रोडला कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, “पैसे त्यांनी दिले तर खुशाल जा. नाही दिले तर मुंग्या आपल्याकडेही कमी नाहीत. ओट्यावर बघ.”

चाचा मूळचे चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. पस्तीसेक वर्षं बाजार समितीत शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांसमोर उभं राहून बोली लावण्यात गेली. पुढे गुडघे गेले, धंदा मुलांनी हातात घेतला आणि धाकट्याने त्यांना आमच्या इमारतीत तळमजल्यावर आणून ठेवलं, दवाखाना जवळ पडतो म्हणून. माणूस गावातून हलला, पण बाजार काही त्यांच्यातून हलला नाही. भाजीवाला आला की चाचा घ्यायचं काही नसतानाही भाव पाडून ठेवायचे. इमारतीतल्या बायका मग वरून टोपल्या सोडायच्या. कुणाबद्दल मत विचारलं तर कांद्याच्याच भाषेत द्यायचे. ज्या कांद्यावर सालीचे दोन पदर असतात तो जास्त टिकतो, त्याला ते लोक डबल पत्ती म्हणतात. बाबा त्यांच्या लेखी डबल पत्ती. क्षीरसागर काकूंचा जावई मात्र बारक्या कांद्यात, म्हणजे गोल्टीत गेला होता आणि शेवटपर्यंत तिथून वर आला नाही. गेल्या वर्षी चाचा गेले. मी इथे मुंग्यांच्या वारुळापाशी उकिडवी बसलेली असताना आईचा फोन आला. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

आमची ओळख झाली ती फोनमुळे. घरात नेटचा नीट पत्ता नसायचा, फाटकाशी मात्र छान मिळायचं. त्यामुळे मी दिवसातून दहादा खाली येऊन मेल बघायची आणि तोंड पाडून वर जायची. आठवडाभर चाचांनी हे पाहिलं आणि मग एकदा खुर्ची पुढे सरकवून दबक्या आवाजात विचारलं, “बेटा, पोरगा काय करतो?”

“कुठला पोरगा?”

“ज्याच्यासाठी तू खाली येती. घरच्यांना सांगितलं का? नसंल तर मी बोलतो तुझ्या वडलांशी, निकम साहेबांशी. साहेब समजदार मानूस हे.”

मी कपाळावर हात मारला आणि सगळं सांगितलं. अर्ज, प्रवेश, शिष्यवृत्ती, मुंग्या. चाचा डोळे बारीक करून ऐकत होते.

“थांब. शिकनार तू?”

“हो.”

“आन पैसे ते देनार? तुला?”

“दिले तर.”

“मुंग्या मोजायचे?”

“मोजायच्या नाहीत हो चाचा. त्या रस्ता कसा शोधतात ते...”

“ते राहू दे. ते तुझं तू बघ. पैसे तेच देनार, हे पक्कं ना?” मी मान डोलावल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. “मंग तू रडती कशाला? तू गिऱ्हाईक नाय बेटा, तू माल हे! गिऱ्हाईक ते हेत. मालाला गिऱ्हाईक मिळतं का नाय याची काळजी करावी, पन मालानं गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून नाक पुसायचं नसतं.”

मला तोवर कुणी माल म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण चार महिने मी जो चेहरा घेऊन फिरत होते, तो खरोखर कुणाच्या तरी दाराशी उभं असल्याचाच होता. चाचांनी त्याला नाव दिलं आणि मला जरा मोकळं वाटलं. त्या दिवसापासून माझा लिलाव त्यांनी हातात घेतला. मी तो त्यांना दिला नव्हता, पण त्यांनी घेतला.

पहिला नकार फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आला. आमच्याकडे आईने जानेवारीतच भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं सगळं करून पाकिटं भरून ठेवली होती. “असू दे, तिकडे लागेल,” म्हणाली.  नकार आला की आई त्यातलं भाजणीचं एक पाकीट फोडायची आणि थालीपीठं लावायची. खमंग वास जिन्यात पसरला की सगळ्या इमारतीला कळायचं, की एक विद्यापीठ गेलं. त्या दिवशी मी ताटलीत थालीपीठ घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी ते खाल्लं, लोण्याची तारीफ केली आणि विचारलं, “कितीला मागितलं होतं?”

“मागितलंच नाही. सरळ नाही म्हणाले.”

“मंग तो यापारीच नव्हता. बाजारात असे लय येतेत. हात मागं बांधून फिरतेत, ट्रॉलीतला कांदा उचलून बघतेत आन घरी जातेत. त्याचं दुःख करायचं नाय.”

दुसऱ्या ठिकाणाहूनही नाही आलं, पुन्हा थालीपीठं झाली. इमारतीत एव्हाना जो तो मला जिन्यात गाठून विचारू लागला होता. “काय गं, अमेरिकेचं काय झालं?” हा प्रश्न विचारताना माणसं उगाचच मान तिरपी करतात. क्षीरसागर काकूंची मान तर खांद्यालाच टेकायची. चाचांनी फाटकातच बंदोबस्त केला. माझ्याकडे येणाऱ्याला ते आधीच अडवायचे, “पोरीला काय इचारायचं नाय. काय इचारायचं ते मला इचारा.” आणि मग विचारणाऱ्याला ऐकून घ्यावं लागायचं ते गेल्या पाच हंगामांतले कांद्याचे भाव. पंधरा दिवसांत माझ्याबद्दलची चौकशी संपूर्ण थांबली. रोज भाव विचारायचा हक्क तेवढा त्यांनी स्वतःकडे राखून ठेवला.

तिसऱ्या विद्यापीठाने प्रवेश दिला. मी जिन्यातून ओरडतच खाली गेले. पण मेल पुन्हा वाचली तेव्हा कळलं, की फीमध्ये थोडी सूट होती, पगार नव्हता. बाकीचं आमचं आम्ही बघायचं होतं आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. चौथं विद्यापीठ माझ्या खऱ्या आवडीचं. मुंग्यांवर मी ज्यांचे लेख वाचून मोठी झाले ते प्राध्यापक तिथे होते. त्यांनी प्रतीक्षा यादीत टाकलं होतं. म्हणजे पसंत आहात, पण पैसे द्यायला जागा नाही, कुणी गळालं तर बघू.

मी रडवेली झाले होते. चाचा मात्र खूश. “हा घेनार,” ते म्हणाले, “चौथा.”

“चाचा, त्याने थांबवून ठेवलंय!”

“तेच तर. बेटा, जन्मभर मी समोरच्या बाजूला उभा होतो. घेनाऱ्याच्या पोटात काय चालतं ते मला इचार. माल मनात भरला की आम्ही तोंड वाकडं करतो. पुढच्या ट्रॉलीकडं जातो. आन मंग वळून बघतो. तिसरा वळलाच नाय, त्यानं उभ्या उभ्या पडेल भाव सांगितला. चौथा वळून बघतोय.”

हे तर्कशास्त्र कुठल्या विद्यापीठात टिकलं असतं असं मला वाटत नाही, पण तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मार्चमध्ये चौथ्या प्राध्यापकांनी कळवलं की व्हिडिओ कॉलवर बोलू. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, साडेसात. रमजान सुरू होता. डॉक्टरांनी मनाई करूनही चाचांनी रोजे धरले होते. बातमी ऐकल्यावर ते म्हणाले, “रोजा सोडतो आन येतो.”

“कुठे येता?”

“तुझ्या बाजूला बसतो. सौद्याला एकट्यानं बसायचं नसतं.”

“चाचा, ते इंग्रजीत बोलणार.”

“मला त्याची भाषा काय करायची? तो श्वास कधी घेतो ते मला कळतं.”

मग त्यांनी मला बैलबाजाराची जुनी रीत समजावली. त्यांचे वडील बैलांचे सौदे करायचे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. आपण तशीच खूण ठेवायची. टेबलावर माझा डावा हात, त्यावर चाचांचा उजवा हात, वर रुमाल. हात दाबलेला असेल तोवर मी गप्प राहायचं, हात उचलला की बोलायचं. मी पुष्कळ नाही नाही म्हटलं. पण आई म्हणाली, “बसू दे गं, मोठं माणूस आहे,” आणि बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, म्हणजे त्यांचीही संमती होती.

चाचा आले ते आंघोळ करून, अत्तर लावून, पोट भरून. दिवसभराचा उपास, मग खजूर, भजी, फळं आणि वर आईने आग्रहाने वाढलेला शिरा. कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने मी त्यांना बाजूला बसवलं. क्षीरसागर काकूंकडचं वाय-फाय मागून घेतलं होतं, त्यावर कॉल सुरू झाला. सुरुवात झकास झाली. प्राध्यापकांनी माझ्या कामाबद्दल विचारलं, चाचांनी हात उचलला, मी बोलले. पुन्हा विचारलं, पुन्हा उचलला, पुन्हा बोलले. मला वाटलं, काय सांगावं, माणसाला खरंच कळत असेल.

मग प्राध्यापक मुद्द्यावर आले. म्हणाले, की एका वर्षाची शिष्यवृत्ती ते देऊ शकतील. पुढच्या वर्षांचं आत्ता सांगता येत नाही, अनुदान मिळालं तर मिळेल. एवढ्यावर मी यायला तयार आहे का?

माझ्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. त्याच क्षणी चाचांचा हात माझ्या हातावर दाणकन बसला. मी गप्प बसले. प्राध्यापक थांबले. मी थांबले. हात उचलला जाईना. उलट जास्त जड होत गेला. पडद्यावरचा माणूस माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे बघतेय. आत ओट्यापाशी आई थिजून उभी. बाबांचा पेपर इंचाइंचाने खाली आलेला.  बोलावं तर चाचा एवढ्या जोराने दाबतायत, न बोलावं तर समोरचा माणूस उठून जाईल.

शेवटी प्राध्यापकांनीच घसा साफ केला. म्हणाले, की तुमची अडचण मला समजते. एका वर्षाच्या भरवशावर इतक्या लांब या असं म्हणणं बरोबर नाही. मी विभागाशी बोलतो. वचन देत नाही, पण बोलतो. मी जेमतेम आभार मानले आणि कॉल संपला.

मी वळून पाहिलं. चाचांची मान छातीवर पडली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि ते गाढ झोपले होते.

“चाचा!”

ते दचकून उठले. “काय म्हनला?”

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. “बघ. मी म्हनलं नव्हतं, गप्प बस?”

“तुम्ही झोपला होतात!”

“डोळे मिटले होते. सौद्यात मिटावे लागतेत.”

बाबा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ त्यांचे पाठमोरे खांदे हलताना दिसत होते. चाचा नमाजाला गेले आणि वाटेत भेटेल त्याला त्यांनी सांगितलं, की अमेरिकेच्या यापाऱ्याला आज एका हातानं गप्प केला.

पण त्यानंतर चौथ्या विद्यापीठाकडून काहीच आलं नाही. ईद झाली, शेवयांचा डबा आला. एप्रिल उजाडला, ऊन तापायला लागलं. तिसऱ्या विद्यापीठाची मुदत जवळ येत होती. बाबांनी एक दिवस कपाटातून फ्लॅटचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले. “कर्ज काढू,” म्हणाले. ज्या माणसाने ओट्यावरच्या मुंग्या दाखवल्या होत्या तोच हे म्हणत होता. मला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. मी खाली जाऊन चाचांना सांगितलं, तर ते काठी टेकत, दर पायरीला थांबत आमच्या मजल्यावर चढून आले.

“निकम साहेब, हे कागद आत ठेवा.”

“चाचा, तुमचा सल्ला मानतो मी, पण हा कांदा नाही,” बाबा जरा चिडूनच म्हणाले.

“तेच म्हनतो ना मी! कांदा असता तर मीच म्हनलो असतो, देऊन टाका, पुढच्या साली परत येतो. तिथं गेल्यावर पोरगी काय शिकंल? रोज उठून घर आठवंल. कागद गहान ठेवून गेलेली पोरगी कुनाशी मान वर करून बोलंल का? नाय देत तिसरा भाव, नाय तर नाय. माल परत न्यायची हिंमत पायजे, साहेब. ट्रॉली भरून परत जाताना लाज वाटती, मी बघितलीय. पन काही परत नेतेत.”

“आणि चौथा आलाच नाही तर?”

 चाचांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाले, “बेटा, तू ठरव.”

मी ठरवलं. तिसऱ्या विद्यापीठाला नम्रपणे नाही म्हणून कळवलं. खरं सांगायचं तर मी शूर वगैरे नव्हते. बाबांच्या हातातले ते कागद बघून मला जायची भीती वाटली होती, न जाण्यापेक्षा जास्त. पण नकार पाठवला आणि रात्रभर तळमळले. सकाळी दूध आणायला उतरले तर फाटकातली खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. मला कुणी भाव विचारला नाही. संध्याकाळी मी त्यांच्या दारावर थाप मारली तर सून म्हणाली, “अब्बू झोपलेत. दोन दिवस नीट जेवले पण नाहीत. ताप नाय, काय नाय.”

मी आत गेले. चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

“बेटा, एक साल मी पन माल धरून ठेवला होता,” ते भिंतीलाच म्हणाले. “चांदवडला. उन्हाळ कांदा, साठवनीच्या चाळी भरून. सगळे म्हनले, काढ. मी म्हनलो, आनखी चढंल. मंग पाऊस लागला. सगळा सडला. हायवेच्या कडंला नेऊन टाकला. त्याचा वास कपड्यातून जाईना. तुझ्या वडलांसमोर मी लय मोठ्या बाता मारल्या. आता मला साहेबांना तोंड दाखवायची भीती वाटती.”

 इतके दिवस मला वाटत होतं की वाट मी पाहतेय आणि चाचा नुसती गंमत करतायत. हा म्हातारा माझ्याइतकाच जागत होता. मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग म्हटलं, “चाचा, आज आईने थालीपीठं केलेली नाहीत. अजून नकार आलेला नाही.” ते वळले नाहीत, पण पांघरुणाखालून म्हणाले, “भाजनी संपली असंल.”

चौथ्याची मेल आली ती मुदत टळल्यानंतर. कुणीतरी दुसरीकडे गेलं होतं, विभागाने विचार केला होता, आणि पाचही वर्षांची शिष्यवृत्ती देत होते. पहाटेच आली होती. मी ती वाचली, आईला वाचून दाखवली, बाबांना वाचून दाखवली आणि चपला न घालता खाली धावले. चाचा चहाचा कप हातात घेऊन पलंगावरच बसले होते.

“चाचा, भाव फुटला!”

त्यांनी कप खाली ठेवला. “कोन? चौथा?”

“चौथा.”

“एक साल?”

“पाची वर्षं.”

“तोंडी का लिहून?”

“लिहून.”

चाचांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि कितीतरी वेळ तसेच तोंडावर धरून ठेवले. मग सुनेला हाक मारून म्हणाले, की चहा गार झालाय, दुसरा कर, आणि नाश्त्याला काय हे ते आन. खाऊन झाल्यावर त्यांनी स्वच्छ कुडता घातला, बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि सगळ्यात आधी समोर आलेल्या क्षीरसागर काकूंना म्हणाले, “मी आधीच सांगितलं होतं.”

तिथे पोचल्यावर, ओळख जरा जुनी झाल्यावर मी एकदा प्राध्यापकांना त्या कॉलबद्दल विचारलं. ते म्हणाले, इतका वेळ माझ्यासमोर कुणी गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हिला कुणीतरी याहून चांगलं देतंय. मी धावतपळत फोन लावून हे चाचांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. चाचा क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, “असं व्हय? मंग मला आनखी थोडं झोपू द्यायला पायजे होतं.”

पण ते पुढचं. निघायच्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर जायला दुपारी गाडी आली. आख्खी इमारत खाली उतरली होती. आईने नव्याने केलेल्या भाजणीची पाकिटं बॅगेत मावत नव्हती, ती कुणाकुणाच्या हातात होती. मी चाचांसमोर वाकले तर त्यांनी घाईने पाय खुर्चीखाली ओढले. “आमच्यात पाया पडत नसतेत बेटा,” म्हणाले आणि डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, “महिन्याला किती देतेत ते? आपल्या पैशात सांग.”

मी सांगितलं. आजूबाजूला कौतुकाचा आवाज उठला. कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली.

चाचांनी माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. मला वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघून म्हणाले, “निकम साहेब, फसलो आपन. लय स्वस्तात दिली पोरगी.”

सगळे हसले. बाबा तर डोळे पुसत हसले. चाचा तेवढे हसत नव्हते. ते खरंच हळहळत होते.